विश्लेषण : 58 मजली टॉवर खचल्याचं सात वर्षांनी कळलं, आपल्याकडं बिल्डरची जबाबदारी मात्र पाचच वर्षांची

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात मिलेनियम टॉवर नावाची 58 मजली इमारत आहे. उंची 645 फूट, चारशेच्या वर फ्लॅट, एकेका फ्लॅटची किंमत आपल्या रुपयांत कोटींच्या कोटी. तिथल्या एका रहिवाशानं फरशीवर काचेची गोटी सोडून व्हिडिओ काढला. हात न लावता गोटी एका बाजूला घरंगळत गेली. हा व्हिडिओ जगभर फिरला, आपल्याकडच्या ग्रुपवरही येऊन गेला. खाली बहुतेकांच्या कमेंट हसण्यावारी नेणाऱ्या होत्या. एकानं लिहिलं होतं, आमच्या घराला याच्यापेक्षा जास्त ढाळ आहे.

मंडळी, हसण्यासारखं आहे खरं. पण आपल्या जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी भागातून किती लोकांनी गेल्या दहा वर्षांत पुण्यात, संभाजीनगरला, नाहीतर नवी मुंबईत फ्लॅट घेतले ते जरा मोजा. कुणाची जमीन महामार्गात गेली, कुणाची तलावात. कुणी दोन एकर विकले, कुणी पोराच्या नावावर वीस वर्षांचं कर्ज काढलं. शेत घेताना आपण माती हातात घेऊन चुरून बघतो, विहिरीला किती परसावर पाणी आहे ते विचारतो, बांधावरून फिरतो. आणि त्याच्या दहापट पैसा टाकून फ्लॅट घेताना बघतो काय, तर मॉड्युलर किचन आणि लिफ्ट. ती इमारत उभी कशावर आहे हे कुणी विचारत नाही. मिलेनियम टॉवर घेणाऱ्या श्रीमंतांनीही विचारलं नव्हतं. अमेरिकन फुटबॉलचा गाजलेला खेळाडू जो मोंटाना हाही त्या घरमालकांत होता. पैसा असला म्हणून जमिनीखालचं दिसत नाही.

खाली नेमकं काय होतं

टॉवर बांधून पूर्ण झाला 2009 मध्ये. तिथली जमीन समुद्राच्या खाडीजवळची. वर भराव आणि मऊ चिखल, त्याखाली घट्ट वाळूचा थर, त्याखाली खाडीच्या जुन्या चिकणमातीचा जाड थर, आणि मग अडीचशे फुटांच्या आसपास खडक. इमारतीसाठी साडेनऊशेच्या आसपास काँक्रीटचे खांब जमिनीत ठोकले. याला पाइल म्हणतात. हे पाइल 60 ते 90 फूट खोल गेले आणि त्या घट्ट वाळूत थांबले. त्यांच्या डोक्यावर 10 फूट जाडीचा काँक्रीटचा सलग स्लॅब टाकला आणि त्यावर 58 मजले उभे केले. इमारत लोखंडी सांगाड्याची नव्हती, काँक्रीटची होती, म्हणजे वजनाला भारी.

पाइल खडकापर्यंत गेले नाहीत हे ऐकलं की आपला पहिला शब्द येतो, ‘लबाडी केली.’ एवढ्यावर निकाल देऊ नका. पाइल दोन तऱ्हेनं वजन पेलतो. एक तर बुडाला खडकावर टेकून, नाहीतर अंगाभोवतीच्या मातीच्या पकडीवर. ओल्या रानात दीड-दोन फूट गाडलेला गोठ्याचा मेढा खडकावर थोडाच टेकलेला असतो? मातीनंच त्याला धरलेलं असतं. दुबईचा बुर्ज खलिफा, 828 मीटर उंच, जगातली सगळ्यात उंच इमारत. तीही अशा अंगाच्या पकडीच्या पाइलवरच उभी आहे. 190 च्या वर पाइल, सुमारे 50 मीटर खोल, भोवती कठीण कातळ नाही, ठिसूळ खडक. तिथं अभियंत्यांनी जेवढं खचेल असा हिशेब मांडला होता, त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात कमी खचलं. त्यामुळं पद्धत वाईट असं म्हणता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत हिशेब चुकला तो वाळूच्या खालच्या मातीचा.

पाइल वाळूत थांबले, पण वजन तिथं थांबत नाही. ते वाळूतून खाली चिकणमातीवर उतरतं. आता हे समजायला इंजिनिअर व्हायची गरज नाही, श्रीखंडाचा चक्का कसा होतो ते आठवा. दही फडक्यात बांधून त्याच्यावर पाटा ठेवला तर काय होतं? पाणी हळूहळू गळत जातं आणि गोळा बसत जातो. दही फुटलेलं नसतं, फडकं फाटलेलं नसतं, तरी सकाळी उंची निम्मी झालेली असते. चिकणमातीचं तेच. तिच्या कणांत पाणी भरलेलं असतं. वर वजन आलं की पाणी दाबानं बाहेर पडतं आणि थर बसतो. वाळूतून पाणी लगेच निघतं, म्हणून वाळू बसायची ती बांधकाम चालू असतानाच बसून घेते. चिकणमातीतून पाणी निघायला वर्षं लागतात. हलक्या रानात पाऊस पडला की तासाभरात वाफसा येतो आणि काळ्या रानात चार-चार दिवस पाय रुततो, हे ज्याला माहीत आहे त्याला हा फरक सांगायला नको.

हे शास्त्र काही आजचं नाही. कार्ल टेरझागी नावाच्या अभियंत्यानं 1925 मध्ये याचं गणित छापलं. त्या गणितात एक गोष्ट फार कामाची आहे. चिकणमातीचा थर दुप्पट जाड असेल तर बसायला लागणारा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे जाड थरावरची इमारत ताबा देताना ठणठणीत असते, वास्तुशांतीला ठणठणीत असते, आणि तिचं बसणं पुढं कितीतरी वर्षं गुपचूप चालू राहतं.

मिलेनियम टॉवर आख्ख्या आयुष्यात साधारण 4 ते 6 इंच बसेल असा अंदाज होता. 2016 पर्यंत तो 16 इंच बसला होता.

आणि सरळ बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो एका अंगानं जास्त बसला. उंच इमारतीचं इथं अवघड होतं. हिशेब करून बघा. पायाची रुंदी शंभर फूट धरा आणि उंची साडेसहाशे. एका बाजूला फक्त 1 इंच जास्त खचलं तर माथा साडेसहा इंच कलणार. दोन मजली घराला जे जाणवणारही नाही, ते तिथं गोटी घरंगळायला पुरेसं होतं.

कुणाला कधी माहीत होतं

मला या सगळ्या प्रकरणात मातीपेक्षा तारखा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

इमारत 2009 मध्ये पूर्ण झाली. त्याच सुमाराला ती अंदाजापेक्षा जास्त खचली होती, आणि शहराच्या इमारत खात्यानं विकासकाला पत्र लिहून याबद्दल विचारणाही केली होती. उत्तर आलं, इमारत सुरक्षित आहे. फाईल बंद. फ्लॅट विकले जात राहिले. घरमालकांना ही गोष्ट समजली 2016 च्या मे महिन्यात, म्हणजे सात वर्षांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहराच्या वकिलांनी विकासकावर दावा केला. त्यांचं म्हणणं असं की तुम्हाला खचल्याचं ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकाला न सांगता तुम्ही घरं विकली. विकासकानं हे नाकारलं.

मग सुरू झालं एकमेकांकडं बोट दाखवणं. विकासक म्हणाला दोष शेजारच्याचा. शेजारी मोठं बसस्थानक बांधलं जात होतं, त्याच्या खोल खड्ड्यासाठी जमिनीतलं पाणी उपसलं, त्यानं आमच्या खालची माती बसली. बसस्थानकवाले म्हणाले, आम्ही खणायला सुरुवात करायच्या आधीच तुमची इमारत 10 इंच खचली होती.

यात कुणाचं किती खरं ते बाजूला ठेवू. पण पाणी उपसल्यानं शेजारची जमीन बसू शकते हे मात्र खरं आहे. एकानं विहिरीवर मोठी मोटर टाकली की शेजारच्याची विहीर उतरते, याच्यावरून आपल्याकडं भांडणं होतात. पाणी उतरलं की मातीला आतून असलेला पाण्याचा आधार जातो आणि वरचं सगळं वजन कणांवर येतं. चिकणमाती असेल तर ती बसते. आपल्याकडं विहीर उतरली तर पीक वाळतं, तिथं इमारत कलते.

चारशेच्या आसपास घरमालक, विकासक, अभियंते, बसस्थानकाची संस्था, शहर, इतके पक्षकार आणि त्यांचे वकील. खटला उभा राहिला असता तर दहा वर्षं चालला असता. शेवटी 2020 मध्ये मध्यस्थीनं तडजोड झाली. दुरुस्तीचा पैसा त्यातून उभा राहिला. कोर्टानं दोष कुणाचा हे ठरवलंच नाही, कारण ठरवायची वेळच आली नाही. ज्यांनी घरं घेतली त्यांना दुरुस्ती मिळाली, न्याय मिळाला की नाही ते त्यांनाच विचारावं लागेल.

आणखी एक गोष्ट त्या चौकशीत उघडी पडली. इमारतीचा आराखडा बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घेतला होता. पण तपासणाऱ्यांनी बघितलं ते वरचं, म्हणजे भूकंपात खांब-तुळया टिकतील का ते. जमिनीचा जाणकार त्या तपासणीत नव्हताच. डॉक्टरनं छाती तपासली, रक्त तपासलं, आणि पाय मोडलाय हे बघितलं नाही, असा प्रकार.

दुरुस्ती करताना आणखी कलली

आता एवढी मोठी वास्तू खचल्यावर करायचं काय? पाडता येत नाही, माणसं राहतात. उचलता तर अजिबातच येत नाही. रोनाल्ड हॅम्बर्गर नावाच्या अभियंत्यानं उपाय सुचवला. ज्या दोन बाजूंना इमारत कलली, म्हणजे मिशन स्ट्रीट आणि फ्रीमॉन्ट स्ट्रीट, त्या बाजूंच्या फुटपाथखाली नवे लोखंडी पाइल थेट खडकापर्यंत, अडीचशे फूट खाली न्यायचे. जुना पायाचा स्लॅब बाहेर वाढवून त्या पाइलला जोडायचा आणि जॅक लावून इमारतीचं थोडं वजन त्यांच्यावर द्यायचं. या दोन बाजू खडकावर टेकल्या की तिथलं बसणं थांबेल. उरलेल्या दोन बाजू हळूहळू बसत राहतील, आणि त्यामुळं इमारत आपोआप थोडी सरळ होईल. पडायला आलेल्या छपराला एका बाजूनं टेकू देतात, तसंच. खर्च 10 कोटी डॉलर, त्यावेळच्या दरानं साडेसातशे कोटी रुपयांच्या आसपास. एका इमारतीच्या पायाच्या दुरुस्तीला.

ठरलं होतं 52 पाइल टाकायचं. 2021 मध्ये काम जोरात सुरू झालं आणि काही महिन्यांत मोजमाप घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की दुरुस्ती चालू झाल्यापासून इमारत आणखी इंचभर बसली आणि माथा आणखी बरेच इंच कलला. ऑगस्ट 2021 मध्ये काम थांबवलं. माथ्याचा कल तेव्हा 22 इंचांच्या घरात गेला होता. कारण असं दिलं गेलं की भोवती पाइपं घालताना हादरे बसले आणि आतून माती गरजेपेक्षा जास्त निघाली. रोग्याचं ऑपरेशन करताना जखम वाढावी तसं झालं. 2022 च्या जानेवारीत खुद्द हॅम्बर्गर यांनी शहराच्या लोकप्रतिनिधींपुढं सांगितलं की कल वर्षाला तीनेक इंचांनी वाढतोय. तेव्हा तो 26 इंचांवर गेला होता.

मग पद्धत बदलली. पाइलची संख्या 52 वरून 18 वर आणली. सहा एका रस्त्याला, बारा दुसऱ्या रस्त्याला. जेवढे भोकं कमी तेवढा मातीला त्रास कमी, हा विचार. पण प्रत्येक पाइलवर वजन जास्त दिलं, सुमारे 10 लाख पौंड, म्हणजे साडेचारशे टन. उसानं भरलेला ट्रक वीस टनांचा धरला तर एका पाइलच्या डोक्यावर बावीस-तेवीस ट्रक उभे. 2023 मध्ये काम पूर्ण झालं. तोवर माथा 29 इंचांच्या आसपास गेलेला होता. वजन नव्या पाइलवर गेल्यावर तो एक इंचाच्या आसपास मागं आला, आणि पुढच्या काही दशकांत आणखी हळूहळू मागं येईल असं अभियंत्यांचं सांगणं आहे.

म्हणजे साडेसातशे कोटी लागले ते बसणं थांबवायला. 29 पैकी एकच इंच परत मिळाला. पाया खचल्यावरची दुरुस्ती ही अशी असते. गिलाव्याची भेग भरली, रंग दिला, झालं, असं त्यात काही नसतं. इटलीतल्या पिसाच्या झुकत्या मनोऱ्याचंही असंच. तो 1990 मध्ये बंद केला, आणि उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून, त्याला किंचित सरळ करून परत लोकांसाठी उघडायला 2001 साल संपत आलं.

आपल्या मातीचं दुखणं वेगळं

आमच्या गावच्या गवंडी मामांना मी ही सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “भाऊ, आपल्याकडं मुरूम लागल्याशिवाय पाया भरतच नाही. त्यांनी नऊशे खांब ठोकले आणि एकबी खडकाला टेकवला नाही म्हणजे कमालच झाली.” बुर्ज खलिफाचं सांगितलं तर ते काही पटवून घेईनात. पण त्यांचा अनुभव त्यांच्या जागी बरोबर आहे.

आपल्या काळ्या मातीचा त्रास वेगळा आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळीत वरवर भरलेला पाया म्हणून दर वर्षी वर-खाली होतो आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. याच्यावर उपाय म्हणजे काळी उपसून मुरमापर्यंत जाणं, आणि काळी फारच खोल असेल तर बुडाला फुगीर गड्डा असलेले छोटे पाइल. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्या देशात रुजवली. शाळाखोल्या, समाजमंदिरं बांधताना ठेकेदारानं पाया मुरमापर्यंत नेला का, हे ग्रामपंचायतीनं खड्डा उघडा असतानाच जाऊन बघावं. बिल निघाल्यावर नाही.

पुण्याचं म्हणाल तर तिथं बहुतेक ठिकाणी काळा खडक फार खोल नाही, त्यामुळं सॅन फ्रान्सिस्कोसारखा प्रकार सरसकट होईल अशी भीती घालण्यात अर्थ नाही. पण नदीकाठ, बुजवलेले ओढे, भराव टाकून सपाट केलेल्या दगडखाणी, इथं अर्धी इमारत खडकावर आणि अर्धी भरावावर असं होऊ शकतं. त्यात एका बाजूचं बसणं आणि दुसऱ्या बाजूचं न बसणं आलंच. मुंबई-नवी मुंबईत खाडीकाठी समुद्री चिखलाचे जाड थर आहेत. तिथली माती मिलेनियम टॉवरखालच्या मातीच्या जवळची नातलग.

पाच आणि पंधरा यांच्या मधली वर्षं

आता कायद्याकडं या. रेरा कायद्याच्या कलम 14 मध्ये लिहिलं आहे की ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्यानं तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. कायदा चांगला आहे, त्याच्या आधी एवढंही नव्हतं.

दुसरीकडं आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे ते इमारत 15 वर्षांची झाल्यावर. 15 ते 30 वर्षांपर्यंत दर 5 वर्षांनी, पुढं दर 3 वर्षांनी.

म्हणजे पाचव्या वर्षी बिल्डर सुटतो आणि पंधराव्या वर्षी तपासणारा येतो. मधली दहा वर्षं कुणाची? मिलेनियम टॉवरच्या घरमालकांना कळलं सातव्या वर्षी. तीच इमारत आपल्याकडं असती तर रेराची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली, आणि पहिलं ऑडिट यायला आठ वर्षं बाकी. कॅलिफोर्नियात लपलेल्या बांधकाम दोषासाठी 10 वर्षांपर्यंत दाद मागता येते, म्हणून 2016 मध्ये त्यांना कोर्टाचं दार उघडं सापडलं. चिकणमाती कॅलेंडर बघून बसत नाही. आपला पाच वर्षांचा आकडा गळकी टाकी, निघालेली फरशी, फुगलेली भिंत यांना पुरतो. पायाच्या बसण्याला तो पुरत नाही. माझ्या मते निदान पायासाठी तरी ही मुदत 10 वर्षं करायला हवी, आणि हे आमदार-खासदारांच्या कानावर घालायला हवं. 

सॅन फ्रान्सिस्कोनं या प्रकरणानंतर नियम बदलला. आता 240 फुटांच्या वरच्या इमारतीच्या तपासणीत जमिनीचा तज्ज्ञ लागतो, आणि इमारत पूर्ण झाल्यावर 10 वर्षं ती किती बसते याची मोजणी ठेवावी लागते. मला यातली दुसरी अट जास्त पटते. तज्ज्ञाचाही अंदाज चुकतो, ते इथं दिसलंच. मोजणीचे आकडे मात्र दर खेपेला समोर येतात आणि ते दडवायला मुद्दाम कुणीतरी लागतं.

तोवर घेणाऱ्यानं काय करायचं? बुकिंगच्या आधी बिल्डरकडं माती परीक्षणाचा रिपोर्ट मागा. दाखवायला तो बांधील असो वा नसो, मागायला काय जातं? रिपोर्टमध्ये बोअर किती फुटांवर नेला आणि खडक किती फुटांवर लागला एवढं तरी वाचता येतं. विहिरीचं बोअर मारताना आपण तेच तर वहीत लिहून ठेवतो. पाया खडकावर आहे, पाइलवर आहे की सलग स्लॅबवर, आणि पाइल कशाला टेकले आहेत, हे विचारा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव मिळतं. सेल्समन सांगेल, “काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, ब्रँडेड आहे सगळं.” मिलेनियम टॉवरही ब्रँडेडच होता. साइटवर गेल्यावर आजूबाजूच्या जुन्या रहिवाशाला विचारा, इथं आधी काय होतं. खाण होती का, ओढा होता का, भाताचं खाचर होतं का. सात-बाराच्या जुन्या उताऱ्यावर आणि गावनकाशावर ओढा दिसतो, तो मोबाईलवर बघायला आपल्या पोरांना येतं.

ताबा घेतल्यावर पाच वर्षांच्या आत जी भेग दिसेल, जे दार अडायला लागेल, त्याचा तारखेसह फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं कुठं मोजलं जात नाही. सगळ्याच भेगा पायाच्या नसतात. गिलाव्याच्या केसासारख्या भेगा बहुतेक घरांत येतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चाललेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक, दर वर्षी वाढणारी भेग दिसली तर ती दाखवायची. भेगेवर पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, सहा महिन्यांनी परत बघा.

सोसायटीच्या वार्षिक सभेत एक ठराव मांडता येतो. इमारतीच्या चार कोपऱ्यांच्या खांबांवर खुणा करून वर्षातून एकदा सर्व्हेअरकडून लेव्हल घ्यायची आणि ते आकडे इतिवृत्तात लिहायचे. हे पहिल्या वर्षापासून करायचं, चौथ्या-पाचव्या वर्षापासून नाही, कारण आधीचा आकडा नसेल तर खचलं किती हे सांगता येत नाही. परभणीहून सभेला जाणं होत नसेल तर तिथं राहणाऱ्या पोराला पाठवा, आणि फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर निदान सभेच्या नोटिशीवर सेक्रेटरीला हा विषय लेखी द्या.